दुचाकीची खास चाकं एवढी महाग का? बिदर-कलबुर्गीच्या गॅरेजवर रोज विचारला जाणारा प्रश्न

"अण्णा, दोन रिंगांना लाख रुपये? आत सोनं भरलंय काय?"

बिदर, भालकी, बसवकल्याण, आळंद इथल्या कुठल्याही मोठ्या गॅरेजवर थोडा वेळ थांबा, हा प्रश्न कानावर पडेलच. मोबाईलवर पुण्या-मुंबईच्या, नाहीतर परदेशातल्या सजवलेल्या बाईकचे व्हिडिओ पाहून पोरं येतात. बुलेटला, ड्यूकला, जुन्या आरएक्सला तशीच चाकं हवी असतात. भाव ऐकला की चेहरा पडतो. मग कुणीतरी सांगतं की हैदराबादला किंवा दिल्लीच्या करोल बागेत "सेम टू सेम" माल पाव किमतीत मिळतो, आणि पोरगं तिकडे वळतं.

हा नुसत्या पैशाचा प्रश्न असता तर एवढं लिहायची गरज नव्हती. पण एनएच ६५ वर उमरगा ते हुमनाबाद ऐंशीच्या वेगाने जाताना गाडी, चालवणारा आणि मागे बसलेला या सगळ्यांचा भार त्या दोन चाकांवर असतो. महाग चाक महाग का, आणि स्वस्त चाक स्वस्त का, हे दोन्ही कळलं तर पैसेही वाचतील आणि हाडंही.

कंपनीचं चाक स्वस्त कसं पडतं?

सुरुवात गाडीसोबत येणाऱ्या चाकापासून करू. गॅरेजच्या भाषेत त्याला मॅग व्हील म्हणतात. हे नाव मॅग्नेशियमवरून आलं, कारण शर्यतीच्या गाड्यांची हलकी चाकं पूर्वी या धातूची असत. आज आपल्या गाड्यांवरची चाकं ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात. त्यात साधारण सात टक्के सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम असतं.

ही चाकं पुण्याजवळ शिक्रापूर, चाकण अशा ठिकाणच्या मोठ्या कारखान्यांत ओतली जातात. पोलादाचा एक साचा बनवायचा, त्यात वितळलेलं ॲल्युमिनियम सोडायचं, थंड झालं की चाक बाहेर काढायचं आणि लगेच पुढचं चाक ओतायचं. तोच साचा हजारो वेळा वापरात येतो.

सगळं गणित या साच्यात आहे. उदाहरणापुरतं धरू की साच्याला १५ लाख रुपये लागले. त्यातून एक लाख चाकं निघाली तर एका चाकावर साच्याचा खर्च पडला १५ रुपये. तोच साचा करून फक्त शंभर चाकं काढली तर एका चाकावर पडले १५,००० रुपये. धातू तोच, भट्टी तीच, कामगारही तेच, तरी नुसत्या संख्येने एवढा फरक पडतो.

म्हणून कंपनीच्या चाकाचा भाव पाहून "मग खास चाक जास्तीत जास्त दुप्पट असेल" असा अंदाज बांधणं चुकतं. त्यांचा हिशेबच वेगळा आहे.

बिदरी सुरई आणि स्टीलचा तांब्या

बिदरच्या माणसाला ही गोष्ट समजावायला लांब जायला नको. गल्लीतल्या बिदरी कारागिराकडे पाहिलं की पुरे. जस्त आणि थोडं तांबं मिसळून सुरई ओततात, पण साचा मातीचा असतो. एक नग निघाला की साचा मोडतो आणि पुढच्या नगाला नवा बांधावा लागतो. मग घासणं, त्यावर कोरणं, कोरलेल्या रेषेत चांदीची तार बसवणं, आणि शेवटी किल्ल्यातल्या मातीने तो काळा रंग आणणं. दोन सुरया एकाच मापाच्या असल्या तरी प्रत्येकीला पहिल्यापासून मेहनत लागते.

बाजारातला स्टीलचा तांब्या यंत्रातून धडाधड पडतो. तो वाईट नसतो, घरात रोज तोच वापरतात. पण "तांब्या दोनशेला मिळतो, मग सुरई एवढी महाग का" असं बिदरमध्ये कुणी विचारत नाही. कंपनीचं चाक तांब्यासारखं आहे आणि मागणीनुसार घडवलेलं चाक सुरईसारखं.

फरक एकच. सुरईला तडा गेला तर नुकसान होतं. चाकाला तडा गेला तर माणूस जातो. त्यामुळे खास चाकाच्या किमतीत आणखी एक खर्च येतो, तो म्हणजे तपासणीचा. त्याबद्दल पुढे.

पन्नास किलोच्या ठोकळ्यातून पाच किलोचं चाक

एक-दोनच चाकं करायची असतील तर साचा परवडत नाही. मग ॲल्युमिनियमचा भरीव ठोकळा घेऊन तो संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रात कोरतात. सर्वात जास्त पैसा इथे जातो.

सतरा इंची, साडेतीन इंच रुंद पुढच्या चाकाचा विचार करू. कडांसकट त्याचा व्यास साधारण ४६ सेंटिमीटर आणि रुंदी ११ सेंटिमीटर होते. एवढ्या मापाचा भरीव ठोकळा घेतला तर त्याचं वजन भरतं जवळपास ४९ किलो. तयार चाक असतं चार-पाच किलोचं. उरलेलं सगळं यंत्राखाली बुरादा होऊन पडतं. मागचं चाक साडेपाच इंच रुंद असेल तर ठोकळाच ७४ किलोच्या आसपास जातो. हा बुरादा विकला जातो, पण भंगाराच्या भावाने.

आता एक जोडी करण्याचा हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. गावाप्रमाणे आणि कारखान्याप्रमाणे ते बदलतील.

- दोन्ही ठोकळे मिळून १२५ किलो, किलोला ४०० रुपये: ५०,००० रुपये
- बुरादा विकून परत आलेले: वजा १७,००० रुपये
- यंत्राचे २२ तास, तासाला १,००० रुपये: २२,००० रुपये
- आराखडा, संगणकावरची आखणी, चाक पकडून ठेवायची खास पकड: ३०,००० रुपये
- बेअरिंग, स्पेसर, बोल्ट, रंग: १०,००० रुपये

बेरीज होते ९५,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर १,१२,१०० रुपये. यात करणाऱ्याचा नफा अजून धरलेलाच नाही. एखादं चाक कोरताना बिघडलं तर ठोकळा वाया गेला, तेही धरलेलं नाही.

तुरीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये आहे. म्हणजे ही जोडी झाली चौदा क्विंटल तुरीची. कोरडवाहू रानात चौदा क्विंटल तूर पिकवायला काय लागतं, हे कलबुर्गीच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

या यादीतल्या आराखड्याच्या तीस हजारांकडे नीट पाहा. एकाच मॉडेलच्या दहा जोड्या केल्या तर हा खर्च दहा ठिकाणी वाटला जातो आणि जोडीवर फक्त तीन हजार पडतात. करासकट जोडी ८०,००० च्या आसपास येते. म्हणूनच जास्त खपणाऱ्या गाड्यांची खास चाकं थोडी स्वस्त मिळतात आणि दुर्मीळ गाडीच्या मालकाला जास्त मोजावे लागतात.

ओतलेलं आणि ठोकलेलं

भाव वाढवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे धातू घडवायची पद्धत. ओतलेल्या धातूत बारीक हवेची छिद्रं राहू शकतात. चांगला कारखाना क्ष-किरणाने चाक तपासतो आणि छिद्र दिसलं की ते पुन्हा भट्टीत टाकतो. 'फोर्ज्ड' म्हणजे प्रचंड दाबाखाली घडवलेल्या धातूत ही छिद्रं दबून जातात आणि धातूची वीण घट्ट होते. मग तेवढीच ताकद कमी वजनात मिळते. पण त्यासाठी लागणारी दाबयंत्रं अवाढव्य असतात आणि ती मोजक्या ठिकाणीच आहेत.

इटलीची मार्केझिनी, इंग्लंडची डायमॅग या नावाजलेल्या कंपन्यांची चाकं या वर्गात येतात. कार्बन फायबरची चाकं त्याहूनही वर. परदेशातली मूळ किंमतच हजारो डॉलरच्या भाषेत असते. त्यावर वाहतूक, सीमाशुल्क आणि जीएसटी चढतो. इथल्या माणसाच्या हातात येईपर्यंत त्या पैशात एक नवी गाडी येते.

वजनाचं एवढं महत्त्व कशाला? चाक पुढे जातं आणि फिरतंही. त्यामुळे रिंगच्या कडेला असलेला एक किलो वेग घेताना जवळपास दोन किलोसारखा जाणवतो. शिवाय चाकाचं वजन शॉकॲबसॉर्बरच्या खाली असतं, त्यामुळे खड्ड्यावर जड चाक उशिरा सावरतं. शर्यतीत हा फरक मोठा असतो. भालकी ते बसवकल्याण जाताना मात्र तो फारसा कळणार नाही, हेही खरं.

भट्टीतली गोष्ट जी डोळ्यांना दिसत नाही

ॲल्युमिनियमचं चाक तयार झालं की लगेच वापरता येत नाही. ते ५३५ ते ५४० अंशांच्या आसपास काही तास तापवतात, एकदम पाण्यात विझवतात आणि मग कमी उष्णतेवर, दीडशे-पावणेदोनशे अंशांच्या दरम्यान, पुन्हा काही तास मुरवतात. या सगळ्यामुळे धातूला बळ येतं. ही पायरी गाळली तरी चाक दिसायला हुबेहूब तसंच दिसतं. रंग तोच, चमक तीच. स्वस्त नकली मालात नेमकं इथेच हात आखडता घेतलेला असतो.

सीमाभागात नेहमी होणारी एक चूकही इथूनच येते. खड्ड्यात आपटून चाक वाकलं की ते गॅसवर तापवून ठोकून सरळ करतात. गावाकडच्या लोहाराला हा प्रकार ओळखीचा आहे. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना ती लालबुंद करायची, आऱ्या-पुठ्ठ्यांवर बसवायची आणि पाणी ओतायचं. लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं. ॲल्युमिनियम सांगत नाही. ते लाल न होताच मऊ पडतं आणि वितळतं. किती तापलं हे डोळ्यांनी कळत नाही, आणि कारखान्यात मुरवलेलं बळ त्या जागी निघून जातं. चाक सरळ दिसतं, आऊटही निघालेला असतो, पण पुढच्या खड्ड्यात तीच जागा दगा देते. तडा गेलेल्या चाकाला वेल्डिंग करून विकणं तर त्याहून वाईट.

तपासणीचा खर्च कुणी भरायचा?

चाक नुसतं मजबूत वाटून चालत नाही, ते सिद्ध करावं लागतं. हलक्या मिश्रधातूच्या चाकांसाठी भारतात आयएस १६१९२ ही मानकांची मालिका आहे. अशा चाचण्यांत चाक फिरवत ठेवून लाखो वेळा वाकवण्याचा ताण देतात, भार टाकून फिरवतात आणि वरून वजन आपटतात. कुठेही तडा दिसला तर चाक नापास.

चाचणीत वापरलेली चाकं विकता येत नाहीत. लाख चाकं करणाऱ्या कारखान्याला त्यातली काही मोडणं परवडतं. दहा जोड्या करणाऱ्याने दोन जोड्या चाचणीत मोडल्या तर त्यांचा खर्च उरलेल्या आठ गिऱ्हाइकांवर पडतो. जो विक्रेता चाचणी करतच नाही त्याचा हा खर्च वाचतो, आणि त्याचा भाव पाव का असतो याचं निम्मं उत्तर इथे आहे.

म्हणजे स्वस्त नकली चाकाची चाचणी होतच नाही असं नाही. ती गिऱ्हाईक स्वतः रस्त्यावर करतो.

स्पोकच्या चाकाचं काय?

बुलेटवाल्यांना तारांची चाकं आवडतात. हे चाक तुलनेने स्वस्त पडतं, कारण हब, रिंग आणि स्पोक वेगवेगळे मिळतात. कसबी मिस्त्री ते विणून आऊट काढून देतो. खड्ड्यात तार ताण सोसते, आणि एखादी तुटली तर तेवढीच बदलता येते. आपल्या भागातल्या रस्त्यांना आणि ऊस ट्रॉल्यांनी उखडलेल्या कडांना हे चाक मानवतं.

अडचण पंक्चरची. तारांची टोकं रिंगच्या मधोमध भोकातून बाहेर येतात आणि तिथून हवा निसटते, म्हणून आत ट्यूब लागते. ट्यूब फुटली की हवा एकदम जाते. यावर उपाय म्हणून तारा रिंगच्या कडेला अडकवायची पद्धत निघाली. बीएमडब्ल्यूने १९८०च्या दशकात ती आपल्या जीएस गाड्यांवर आणली. भारतात रॉयल एनफिल्डने २०२४ मध्ये हिमालयन ४५० साठी ट्यूबलेस स्पोक चाकं दिली. हवा न गळणारी रिंग आणि कडेची भोकं अचूक करणं हे साध्या रिंगपेक्षा अवघड काम आहे, त्यामुळे तिथेही भाव वाढतो.

आरटीओ आणि विमा: दोन्ही राज्यांत कायदा एकच

केए ३८ ची गाडी उदगीरला जाते, एमएच २५ ची गाडी हुमनाबादला येते. "आमच्याकडे चालतं, तिकडे धरतात" असं लोक म्हणतात. पण मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे आणि नियम दोन्हीकडे तेच आहेत.

कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातला तपशील बनवणाऱ्या कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हीच बाजू ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

मूळ मापाचंच, प्रमाणित चाक बसवणं वेगळं आणि सतराच्या जागी एकोणीस इंची रिंग घालून स्विंगआर्म कापणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात कायदा आडवा येणारच. अपघात झाला तर विमा कंपनीही न कळवलेल्या बदलावर बोट ठेवू शकते, आणि तेव्हा चाकाची किंमत लाखावर थांबत नाही.

मापाचा आणखी एक धोका आहे. १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचा आहे. चाकाजवळची दातेरी चकती आणि सेन्सर यांवरून एबीएसला चाकाचा वेग कळतो. ही चकती नीट बसली नाही किंवा चाकाचा घेर बदलला तर एबीएस चुकीचं वाचतो किंवा बंद पडतो. खास चाक घडवणाऱ्याला ही चकती, डिस्क, स्प्रॉकेट सगळं केसभराच्या मापात बसवावं लागतं. किमतीत या अचूकपणाचाही वाटा आहे.

घ्यायचंच असेल तर

हौस वाईट नाही. फक्त पैसे देण्याआधी काही गोष्टी पाहाव्यात.

- पहिल्यांदा स्वतःच्या कंपनीच्या शोरूममध्ये विचारा. बऱ्याच मॉडेलना कंपनीचीच मॅग व्हील ॲक्सेसरी म्हणून मिळतात. साच्याचा खर्च तिथे वाटला गेलेला असतो आणि वॉरंटीही टिकते.
- चाकावर ओतलेली अक्षरं वाचा. माप, बनवणाऱ्याचं नाव, मानकाची खूण असायला हवी. 'ट्यूबलेस टायर ॲप्लिकेबल' असं नसेल तर ट्यूबलेस टायर चढवू नका.
- पक्कं बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे, त्यामुळे "२८ टक्के भरावा लागतो" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. बिल नसलेल्या चाकाबद्दल पुढे तक्रारही करता येत नाही.
- वापरलेलं चाक घेताना रंग ताजा असेल तर सावध व्हा. रंगाखाली वेल्डिंग लपतं. आऱ्यांच्या मुळाशी आणि रिंगच्या आतल्या बाजूला बोट फिरवून पाहा.
- रूपच बदलायचं असेल तर आहे त्याच चाकाला पावडर कोटिंग करून घ्या. काही हजारांत काम होतं. मात्र भट्टीची उष्णता किती ठेवणार हे विचारा, कारण जास्त तापलं तर वर सांगितलेलं बळ इथेही कमी होतं.

आणि एवढं सगळं पाहूनही मन मानत नसेल, तर ज्याने चाक घडवलं त्याला एकच प्रश्न विचारा: "याची चाचणी कुठे झाली, कागद दाखवा." ज्याच्याकडे कागद आहे त्याचा भाव जास्त असेल. ज्याच्याकडे नाही, त्याच्या दुकानातून मोकळ्या हाताने परत येणं परवडतं.